'नुसतं बसलंय' असं लिहू नका: माकडं-वानरं मोजायला निघालेल्यांसाठी

दरवर्षी साधारण जूनमध्ये ओळखीच्या ओळखीतून एमएस्सीच्या मुलामुलींचे फोन यायला लागतात, ताई डिझर्टेशनला माकडांचं बिहेविअर घ्यायचं म्हणतोय, केमिकल नको, लॅबचा खर्च नको, जाऊन बघायचं आणि लिहायचं, सोप्पंय ना? मी पण माझ्या गाईड मॅडमना अगदी हेच म्हणाले होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या बरं, जा. मग पाच महिने मी कोथरूडहून अंधारात ॲक्टिव्हा काढायची आणि चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत मुळशीच्या पुढे जायची, आणि त्यातला पहिला दीड महिना चक्क पाण्यात गेला. तुमचा जाऊ नये म्हणून लिहितेय.

आधी नावाचं बघा, कारण पुण्यात आपण सगळ्यांनाच माकड म्हणतो आणि मावळ-मुळशीत कुणापुढे असं बोललात तर तो माणूस तुम्हाला तिथंच ओळखून टाकतो. काळं तोंड, राखाडी अंग, अंगापेक्षा लांब शेपूट ते वानर, त्यातला दांडगा नर तो हुप्प्या. तपकिरी, फिकट तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडून केस चापून बसवल्यासारखे दिसतात ते माकड, पुस्तकात बॉनेट मकाक, मकाक हे माकडांच्या एका गटाचं नाव. तिसरं ऱ्हीसस, तेही मकाकच, उत्तरेतलं, आखूड शेपटीचं, मागून लालसर. हे तिसरं मूळचं आपल्या घाटातलं नाही, पण गंमत अशी की तुम्ही लायब्ररीत बसून जे पेपर वाचाल त्यातले ढीगभर याच तिसऱ्यावर असतात. पोर्तो रिकोजवळ कायो सँटियागो नावाचं एक छोटं बेट आहे, तिथे १९३८ मध्ये भारतातून ४०९ ऱ्हीसस नेऊन सोडले आणि त्यांच्या वंशजांवर आजतागायत काम चालू आहे. मी तेच वाचून गेले होते, कडक उतरंड, आईच्या मानाप्रमाणे लेकीचा मान, वरच्याने खालच्याला जागेवरून उठवायचं वगैरे. आणि मुळशीत बघते तर दोन मोठे दांडगे नर एकमेकांना मिठी मारून बसलेत आणि एक दुसऱ्याच्या पाठीतून काहीतरी वेचून खातोय. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं बघतेय. बॉनेट नर असेच असतात हे नंतर कळलं, मकाकांमध्ये ते बरेच समजूतदार गणले जातात आणि ऱ्हीसस कडक शिस्तीच्या टोकाला. म्हणजे दोन्ही मकाकच, तरी एकाचं वाचून दुसऱ्याकडे गेलात की फसलात.

आता तुलना करायची तर कशाची. माझा विषय साधा होता, वानर आणि माकड दिवसाचा वेळ कसा वाटून घेतात. याला ॲक्टिव्हिटी बजेट म्हणतात, खाणं, फिरणं, आराम, आणि सामाजिक म्हणजे एकमेकांच्या उवा-कचरा काढणं, खेळणं, भांडणं. ही दोन जनावरं एकाच झाडावर दिसली तरी त्यांची पोटं वेगळी आहेत आणि सगळी मेख तिथे आहे. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं, आत जिवाणू पानं आंबवतात, गाईसारखंच, फक्त वानर रवंथ करत नाही. त्यामुळे त्याला पानांवर जगता येतं, पण पान म्हणजे कस कमी असलेलं खाणं, पचायला वेळ, म्हणून दुपारी तासन्‌तास फांदीवर पाय खाली सोडून पडलेला असतो. माकडाला हे पोट नाही, त्याला फळं लागतात, बिया लागतात, किडे लागतात, ते शोधत फिरावं लागतं, पण त्याच्याकडे गालाच्या पिशव्या आहेत, मिळेल ते पटापट आत कोंबायचं आणि मग कुठेतरी निवांत जागी बसून खायचं. वानराला या पिशव्या नसतात. असाच प्रकार पार पनामात पण आहे, बारो कोलोराडो बेटावर पानं खाणारी हाउलर माकडं आणि फळं खाणारी स्पायडर माकडं शेजारी शेजारी राहतात, हाउलर लोळत पडतात आणि स्पायडर भटकतात. म्हणजे आळशी वगैरे काही नाही, ज्याचं त्याचं पोट ज्याला त्याला कामाला लावतं.

हे सगळं मला परीक्षेपुरतं येत होतं. शेतात, म्हणजे फील्डवर, काय झालं ते आता सांगते.

पहिले आठ-दहा दिवस मी बसने जात होते, गाडी दुरुस्तीला होती. पोचायला दहा वाजायचे, वानरं जिथे असायची त्या देवराईपर्यंत चढून जाईपर्यंत साडेदहा. मग चारपर्यंत बसायचं कारण परतीची बस. घरी येऊन एक्सेलमध्ये टाकलं तर वानरं दिवसभर आरामच करतात असं निघालं. मी खूश, थिअरीशी मस्त जुळतंय! पण सकाळचं खाणं मी पोचायच्या आधी उरकलेलं असायचं आणि संध्याकाळचं मी निघाल्यावर सुरू व्हायचं. मी वानराचा दिवस मोजतच नव्हते, त्याची दुपारची झोप मोजत होते. माकडांचं देऊळ मात्र रस्त्यालगत, तिथे मी सकाळी आठला पोचू शकत होते. म्हणजे एकाची सकाळ आणि दुसऱ्याची दुपार अशी तुलना. मॅडमनी वहीत वेळेचा कॉलम बघितला आणि पान न उलटता वही परत दिली. तेव्हापासून नियम केला, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, दोन्हींसाठी सारखे तास, आणि पूर्ण दिवस जमत नसेल तर सकाळ-दुपार-संध्याकाळ आळीपाळीने पण दोन्हींचे हप्ते सारखेच. डिसेंबरात तर सूर्योदयाचा पहिला तास चुकवूच नका, थंडीत वानरं झाडाच्या शेंड्यावर उन्हाकडे छाती करून बसतात, हात गुडघ्यांवर, ध्यानाला बसल्यासारखी, आणि तासभर कुणी हलत नाही.

मोजायची पद्धत सांगते. जीन आल्टमन नावाच्या बाई आहेत, मूळच्या गणिताच्या, नंतर आफ्रिकेत बबून माकडांवर काम केलं, त्यांचा १९७४ चा निरीक्षण पद्धतींवरचा पेपर आजही सगळे धरून चालतात. त्यातलं सार असं की जे दिसेल ते लिहीत बसलात तर वहीत फक्त भांडणं येतात, कारण डोळा भांडणाकडेच जातो, शांत बसलेल्याकडे कोण बघतंय. म्हणून एक तर स्कॅन, दर १५ मिनिटांनी टोळीवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि प्रत्येक जनावर त्या क्षणी काय करतंय ते टिपायचं, किंवा फोकल, एकच जनावर धरून १० मिनिटं फक्त त्याच्यामागे, शेजारी युद्ध झालं तरी मान वळवायची नाही. कोणावर फोकल करायचं ते सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर आपण नकळत शेपटीत गाठ असलेला, कान फाटलेला, असाच ओळखता येणारा उचलतो. दर १५ मिनिटांनी स्कॅन म्हणजे १२ तासांत ४८ होतात, टोळीत २० असतील तर ९६० नोंदी एका दिवसात, आणि पोरं थिसिसमध्ये ऐटीत लिहितात की एवढ्या हजार नोंदी. अहो त्या वेगळ्या नाहीत, एक उठलं की मागोमाग पाच उठतात. दिवस हे तुमचं युनिट, म्हणजे एक स्वतंत्र नोंद, आणि टोळी हे तर त्याहून मोठं युनिट. माझ्याकडे एक टोळी वानरांची आणि एक माकडांची होती, म्हणजे खरं बोलायचं तर मी दोन जातींची नाही, दोन टोळ्यांची तुलना केली. व्हायव्हाला हे स्वतःहून सांगा, विचारेपर्यंत थांबू नका.

आता 'बसलंय' वर येते, कारण माझा खरा घोटाळा तिथे झाला.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या बॅचची एक मैत्रीण बरोबर आली, दोघींनी एकाच टोळीचे वेगवेगळे स्कॅन घ्यायचे आणि किती जुळतंय बघायचं असं ठरलं. देवळासमोर चहाची टपरी होती, तिच्या बाकड्यावर बसून दुपारपर्यंत घेतले, मग कागद शेजारी ठेवले. वानरांचं बरं जुळलं होतं. माकडांचं बघितलं तर मी जिथे जिथे आराम लिहिलं होतं त्यातल्या निम्म्या ठिकाणी तिने खाणं लिहिलं होतं. आमची चांगलीच जुंपली. ती म्हणते ते खातंय, मी म्हणते हातात काही नाही, समोर काही नाही, कठड्यावर बसून रस्त्याकडे बघतंय, हे कसलं खाणं. टपरीवाले मामा कपबश्या विसळता विसळता ऐकत होते. म्हणाले, "ताई, बसलंय कुठं? जेवतंय की ते. गाल बघा की त्याचा."

बघितलं. मादी होती, उजवा गाल लिंबाएवढा फुगलेला. दर थोड्या वेळाने ती हाताची पालथी बाजू गालावर टेकवायची आणि खालून वर ढकलायची, गालातला ऐवज तोंडात यायचा, जबडा चार वेळा हलायचा, परत थांबायचा. नजर रस्त्यावरच. लांबून बघितलं तर नुसती बसलेली, दुर्बिणीतून बघितलं तर जेवतेय. मी वीस दिवस हे आराम म्हणून लिहीत होते. मामा वर म्हणाले, "आन् ते काळतोंड्यं बसलंय ना वर, ते खरं बसलंय. पर ते बी पचवतंयच." म्हणजे माझ्या अख्ख्या डिझर्टेशनची थिअरी मामांनी दोन वाक्यांत सांगितली, तीही कपबश्या विसळत.

यावरून काय करायचं ते सांगते. फील्डला जायच्या आधी इथोग्राम लिहा, म्हणजे प्रत्येक कृतीची व्याख्या, आणि व्याख्येत फक्त दिसणाऱ्या गोष्टी हव्यात. 'आराम करतंय' ही व्याख्या नाही, तो तुमचा अंदाज आहे. आम्ही नंतर तीन कोड केले, हाताने तोंडात घालणं, गालातलं चघळणं, आणि जबडा न हलवता बसणं. नोंदवताना बारीक तुकडे करा, गोळाबेरीज नंतर घरी बसून करता येते, पण एकदा सगळं 'बसलंय' मध्ये टाकलं की त्यातून काही वेगळं काढता येत नाही. मग परत दोघींनी घेतलं आणि कोहेनचा कॅपा काढला, म्हणजे नशिबाने जुळलेलं वगळून किती जुळतं तो आकडा, ०.८ च्या वर आला की लोक चांगलं म्हणतात. आमचा आला, पण पहिले वीस दिवस फेकावे लागले.

दुसरी एक गोष्ट, झाडीतलं आराम करणारं वानर पानांआड असतं आणि हलणारं दिसतं, त्यामुळे स्कॅनमध्ये फिरणं-खाणं उगाच फुगतं. 'दिसत नाही' असा कोड ठेवा आणि तो प्रामाणिकपणे भरा. मॅडमना रिकामे चौकोन आवडणार नाहीत असं वाटून मी सुरुवातीला अंदाजे भरायची. कुणालाच सांगितलं नव्हतं, आत्ता पहिल्यांदा सांगतेय.

आता भांडणांचं. तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे एक सुंदर बार चार्ट होता, माकडं भांडकुदळ, वानरं शांत, लाल आणि निळे खांब, एकदम क्लिअर. मॅडमनी बघितला आणि एकच विचारलं, "वानरांना कुणी केळी टाकली होती का?"

देऊळ मारुतीचं. शनिवारी पुण्याहून गाड्या भरभरून येतात, नारळ, केळी, फुटाणे, शेंगदाणे, बिस्किटं. एका जागी ढीग पडला की माकडांमध्ये हाणामारी होणारच, तुम्ही-आम्ही लग्नाच्या बुफेत काय करतो. आणि एवढं पोटभर आयतं मिळाल्यावर रानात भटकायची गरज कमी, म्हणून फिरणं पण कमी. देवराईतल्या वानरांना कुणी काही टाकत नव्हतं. म्हणजे मी जात मोजली असं समजत होते आणि प्रत्यक्षात शनिवार मोजला होता. मग मंगळवार-बुधवारचे दिवस वेगळे काढले. त्या दिवशी हीच माकडं देवळामागच्या ओढ्यात उंबराखाली दिसायची, पाचोळा उलटून किडे वेचत, एकमेकांपासून पाच-पाच फुटांवर, अर्धा तास गेला तरी एक चकमक नाही. बार चार्ट बदलला, आधीइतका देखणा राहिला नाही. तुम्हाला दोन जातींची तुलना करायची असेल तर दोन्ही देवळातल्या घ्या नाहीतर दोन्ही रानातल्या, आणि ते जमत नसेल तर वाराचा कॉलम तरी नक्की ठेवा.

सामाजिक वागण्यात मला सगळ्यात जास्त वानरांनीच खिळवलं, आधी वाटलं होतं ती कंटाळवाणी असतील. वानराचं पिल्लू जन्मतः काळपट असतं, राखाडी आयांमध्ये ते लांबून उठून दिसतं, आणि पहिल्या दिवसापासून ते हातोहात फिरतं. मावशा, आत्या, तरण्या पोरी, सगळ्या ओढतात. एकदा फोकल चालू असताना एक पिल्लू १० मिनिटांत चार जणींकडे गेलं, एकीने उलटं धरलं होतं, आई शेजारच्या फांदीवर निवांत पानं खात. माकडीण असं सहजासहजी करू देत नाही, सुरुवातीला पोटाशीच धरून ठेवते.

वानरांच्या टोळीत बऱ्याचदा एकच मोठा नर, बाकीचे नर वेगळा जथा करून भटकतात आणि कधीतरी येऊन टोळी ताब्यात घेतात. नवीन हुप्प्या आला की तान्ही पिल्लं मारली जातात हे सुगियामा नावाच्या जपानी संशोधकाने धारवाडजवळ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलं, पुढे अबूच्या डोंगरावर सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात काम करून म्हटलं की यात नराचा फायदा आहे, पिल्लू गेलं की आई लवकर परत माजावर येते. त्यावर प्रचंड वाद झाले, काहींचं म्हणणं होतं की माणसांच्या गर्दीत राहून वानरं बिघडलीत. मी पाच महिन्यांत असं काही पाहिलं नाही, आणि नाही पाहिलं तेच बरं झालं. पण एक सांगते, २०२१ च्या डिसेंबरात माजलगावजवळच्या लवूळ गावात वानरांनी कुत्र्याची पिल्लं उचलून उंचावर नेली, तेव्हा सगळीकडे 'बदला' हा शब्द फिरत होता. मला इतके फॉरवर्ड आले की विचारू नका. बदला हा इथोग्राममध्ये बसणारा शब्द नाही. पिल्लू उचललं, वर नेलं, धरून बसलं, सोडलं, इतकंच तुमच्या कागदावर यायला हवं, बाकी वर्तमानपत्राचं काम.

कामाच्या किरकोळ गोष्टी भराभर सांगते. पेन नेऊ नका, पेन्सिल न्या, ताम्हिणीच्या बाजूला धुक्यातच कागद ओला होतो. दुर्बीण ८ बाय ४२ पुरते. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात काम करायचं असेल तर वनविभागाची परवानगी लागते, ती यायला इतका वेळ लागतो की विषय ठरायच्या आधी अर्ज करा म्हटलं तरी चालेल. बाहेरच्या जागी पण रेंजरसाहेबांना जाऊन भेटा, गावच्या सरपंचांना सांगा, नाहीतर लोकांना वाटतं तुम्ही माकडं पकडून न्यायला आलात आणि मग निम्मे खूश होतात.

माकडाकडे बघून हसू नका, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. माझ्या त्या मैत्रिणीने साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडला, एक नर तोंडाचा चंबू उघडून पुढे आला, ती घाबरून सगळे दात दाखवत कसंनुसं हसली. मकाकांच्या भाषेत असे दात दाखवणं म्हणजे मी हरले, तू मोठा. तो आला, डबा घेतला, आणि वर आमची क्लिपबोर्डही घेऊन गेला. डबा सापडला, त्या दिवसाचा डेटा नाही. जेवण गाडीच्या डिकीत ठेवा आणि नजरेला नजर देऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना, लस, चालढकल नाही. मेलेलं माकड-वानर दिसलं तर हात लावायचा नाही, वनविभागाला कळवायचं. माकडताप माहितीय ना, १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडं-वानरं मरायला लागली आणि तो विषाणू शोधला तो आपल्या पुण्यातल्याच संस्थेने, आज जिला एनआयव्ही म्हणतात. गोचिडीतून पसरतो, आपल्याकडे दोडामार्गातही आलाय. फुल पँट मोज्यात खोचा, दिसायला वाईट दिसतं, दिसू दे.

पुढे काय, हे आई-वडील विचारतात त्यांच्यासाठी. यातून थेट नोकरी अशी नाही. प्रोजेक्ट असिस्टंट, मग नेटची परीक्षा, मग पीएचडी, किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संस्थेचा वाइल्डलाइफचा एमएस्सी, डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट. पगार मी सांगत नाही, तुम्ही पळून जाल. मी सध्या एका प्रोजेक्टवर इतरांनी भरलेले स्कॅन तपासते. 'बसलंय' दिसलं की फोन लावते.

आणि फील्डला जायच्या आधी आठवडाभर कात्रजला प्राणिसंग्रहालयात जाऊन माकडांसमोर इथोग्रामची प्रॅक्टिस करा, तिथे चुकलेलं चालतं. फक्त बुधवारी ते बंद असतं. आम्ही दोघी वह्या, दुर्बीण, घड्याळ घेऊन पहिल्यांदा गेलो तो बुधवारच होता.